हवामानाचा तक्ता

नेत्रावळीच्या त्या शिबिरात पाच दिवस फ्रेंचच बोलायचं.
मुलं आली फोंड्याहून, मडगावहून, दोघं थेट म्हापशाहून,
बस लागून पिवळी पडलेली.
प्रत्येकाच्या खिशात मोजून पाच चिंचोके.
कोकणी निसटली की एक जायचा. मराठीलाही एक.
इंग्रजीला दोन, हा नियम माझा स्वतःचा.

नाकातले स्वर आमच्या पोरांना शिकवावे लागत नाहीत,
ते घरूनच घेऊन येतात, डब्यासारखे.
अडतं ते घशातल्या 'र'पाशी.
तिथे सगळे खाकरतात, मग हसतात,
मग सुकांती वेळीप रांधपघरातून विचारते,
कोणाक थंडी जाल्या?

त्या सकाळी तक्ता हवामानाचा होता.
छत्री, सूर्य, वारा, आणि एक बर्फाचा माणूस,
ज्याच्याकडे सांगे तालुक्यात कोणी गंभीरपणे बघत नाही.
पण दुपारी सावरीचं बोंड फुटलं,
अंगणभर कापूस तरंगत आला
आणि शमिका ओरडली, इल नेज! बर्फ पडतोय!
मी तिला चूक म्हणाले नाही.

शौनक लोटलीकर, वय आठ, काहीच ओरडला नाही.
छातीवरच्या चिठ्ठीवर त्याचं शिबिरातलं नाव, ल्यूक.
दिवसभर खिशात हात घालून चिंचोके मोजत राहिला
आणि रात्रीच्या जेवणात चार घालवले:
लोणचं मागताना एक,
मुंगी चावली तेव्हा तीन, एका दमात.

रात्री दोनला दारावर टकटक,
इतकी हलकी की आधी मला पाल वाटली.
बॅटरीच्या उजेडात शौनक,
चड्डी उलटी घातलेली,
मुठीत उरलेला एक चिंचोका.
मादाम, म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
तो आत शब्द चाचपत होता,
आणि त्याच्या हाताला लागला तो सकाळचाच:
इल प्ल.
पाऊस पडतोय.

मी बाहेर बघितलं. मे महिना.
आभाळ चांदण्यांनी खचाखच, पान हलत नव्हतं.
दां मों ली, तो म्हणाला.
माझ्या अंथरुणात.

पंधरा वर्षं मी ही भाषा शिकवते.
'इल' म्हणजे इथे 'तो' नव्हे, दरवर्षी फळ्यावर लिहिते,
हा कर्ता कोणीच नाही.
पाऊस पडतो, पाडणारा नसतो,
वाक्याला नुसती एक खुर्ची लागते, रिकामी.
मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात.
शौनक मध्यरात्री उठून
त्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता.

चादर बादलीत बुडवली. गादी उलटली.
त्याने बॅटरी धरली, बाकीच्यांच्या तोंडावर पडू न देता,
एखाद्या जाणत्या माणसासारखी.
भविष्यकाळ अजून शिकवला नव्हता,
म्हणून मी वर्तमानातच म्हणाले,
दमँ, इल फे बो.
उद्या हवा छान आहे.
त्याने मान हलवली आणि माझ्या शालीवर झोपला,
मूठ अजून मिटलेली.

सकाळी गादी दगडी कठड्यावर.
सुकांती सोवळ्याओवळ्यासारखी भोवती फिरली, नाक जवळ नेलं.
कितें जालें गो?
पावस, मी म्हणाले.
तिने आभाळाकडे पाहिलं, मग गादीकडे,
मग पाटावर ओळीने बसलेल्या एकवीस डोक्यांकडे,
आणि कुठेच थांबली नाही.
पडटा केन्ना केन्ना, म्हणाली,
आणि गादीची ओली बाजू उन्हाकडे केली.

मी माझा एक चिंचोका डब्यात टाकला.
तिकडे शौनक तिसरा पोळा मागत होता,
शब्द खर्च न करता, बोटाने.